यूकेचा स्पाउज व्हिसा वाढवताना: ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार येणारे प्रश्न

मी मूळची घंटाळीची, लग्न करून लंडनजवळच्या स्लाऊला गेले. माझं एक्स्टेन्शन होऊन गेलं, आयएलआर म्हणजे तिकडे कायम राहायची परवानगीही मिळाली. तरी दर डिसेंबरला आईकडे आले की कोणाची तरी भाची, कोणाचा तरी जावई, खाली चहा घ्यायला थांबवतातच. कोपरखैरणे आणि खारघरहून तर व्हॉइस नोट येतात, पाच-पाच मिनिटांच्या. म्हणून एकदाच सगळं लिहून काढलं. मी वकील नाही. फीचे आकडे एप्रिल २०२५ पासूनचे आहेत आणि ते बहुतेक एप्रिलमध्येच बदलतात, त्यामुळे पैसे भरायच्या दिवशी गव्ह डॉट यूकेवर एकदा बघाच.

१. माझा नवरा तिकडे आयटीत नोकरी करतो, मग माझा स्पाउज व्हिसाच ना?

बहुतेक नाही. ठाण्यातून सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि गोंधळ इथूनच सुरू होतो. नवरा स्किल्ड वर्कर व्हिसावर असेल तर तुमचा तो डिपेंडंट व्हिसा, त्याचा वाढला की तुमचाही त्याच्याबरोबर वाढवायचा, फी वेगळी, नियम वेगळे. स्पाउज व्हिसा म्हणजे जोडीदार ब्रिटिश नागरिक आहे किंवा त्याला तिकडे कायम राहायची परवानगी, म्हणजे आयएलआर, मिळालीय (आणखी दोन-तीन प्रकार आहेत, पण आपल्याकडचे ९० टक्के लोक या दोनातलेच). खाली जे आहे ते फक्त या स्पाउज व्हिसाबद्दल. डिपेंडंटवाल्यांनी इथले आकडे स्वतःला लावून घेऊ नयेत, उगाच रात्रीची झोप जाते.

२. एक्स्टेन्शन किती वर्षांचं मिळतं?

भारतातून पहिला व्हिसा मिळतो तो ३३ महिन्यांचा. तिकडे राहून वाढवला की ३० महिने मिळतात, या अर्जाला एफएलआर एम म्हणतात. दोन्ही मिळून यूकेत ५ वर्षं पूर्ण झाली की आयएलआर, तेव्हा बी१ पातळीचं इंग्रजी आणि लाइफ इन द यूके टेस्ट (यूकेबद्दलच्या माहितीची, २४ प्रश्न, १८ बरोबर हवेत). फियान्से व्हिसावर येऊन तिथे लग्न केलेल्यांनाही ३० महिन्यांचाच मिळतो. टुरिस्ट व्हिसावर जाऊन तिथल्या तिथे स्पाउजमध्ये बदलता येत नाही, हे कोणी कितीही छातीठोक सांगितलं तरी.

३. अर्ज नेमका कधी टाकायचा? लवकर टाकला तर चांगलंच ना, टेन्शन संपलं?

नाही! हा प्रश्न नीट वाचा. माझ्या मते सगळ्या प्रकरणात पैसे जायची खरी जागा हीच आहे आणि ती कोणी सांगत नाही.

नियमाने व्हिसा संपायच्या आधी कधीही अर्ज टाकता येतो, आणि आपली माणसं ट्रेन पकडायला पण अर्धा तास आधी प्लॅटफॉर्मवर उभी राहणारी, त्यामुळे तीन-चार महिने आधीच टाकून मोकळी होतात. पण नवे ३० महिने मोजतात ते निर्णय झाला त्या दिवसापासून. जुन्या व्हिसाचे उरलेले दिवस त्यात मिळवतात पण जास्तीत जास्त २८ च, बाकीचे बुडाले. आणि ५ वर्षं मोजतात ती तुम्ही यूकेत उतरलात त्या दिवसापासून, व्हिसावर छापलेल्या तारखेपासून नाही.

आता हिशोब बघा. समजा व्हिसा १ फेब्रुवारी २०२४ ते १ नोव्हेंबर २०२६. घरचं एक लग्न उरकून बाई उतरल्या २० एप्रिल २०२४ ला. त्यांनी घाई करून, वर फास्ट सर्व्हिसचे पैसे देऊन ५ ऑगस्ट २०२६ ला निर्णय मिळवला. ३० महिने म्हणजे ५ फेब्रुवारी २०२९, अधिक २८ दिवस, ५ मार्च २०२९ ला व्हिसा संपला. त्यांची ५ वर्षं भरतात २० एप्रिल २०२९ ला आणि आयएलआरचा अर्ज त्याच्या फार तर २८ दिवस आधी टाकता येतो, म्हणजे २३ मार्चला. १८ दिवस कमी! या १८ दिवसांसाठी आणखी एक पूर्ण एक्स्टेन्शन, पूर्ण फी, पूर्ण हेल्थ सरचार्ज (तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेसाठी आगाऊ भरायचे पैसे).

म्हणून सोपा नियम: यूकेत उतरलात त्या तारखेत ३० महिने मिळवा, त्यातून २८ दिवस वजा करा, तिथपासून पुढे आणि व्हिसा संपायच्या आत अर्ज. वरच्या बाईंसाठी ही खिडकी २२ सप्टेंबर २०२६ ते १ नोव्हेंबर २०२६ अशी होती. भारतातून पहिला व्हिसा घेताना प्रवासाची तारीख टाकतो ती पण खरी टाका, आणि मिळाल्यावर आईकडे अजून दोन महिने राहू म्हणून रेंगाळू नका, ३३ मधले जादाचे ३ महिने त्यासाठीच असतात पण ते तेवढेच असतात.

उतरल्याच्या दिवसाचा बोर्डिंग पास जपून ठेवा. मी माझा पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवला होता, त्याची शाई उडून कागद पांढराफटक पडला, तेव्हा आधी फोटो काढा.

४. मी आत्ता ठाण्यात आहे आणि व्हिसा पुढच्या महिन्यात संपतोय. इथूनच एक्स्टेन्शन करता येईल का?

नाही. एफएलआर एम फक्त यूकेत असतानाच भरता येतं. व्हिसा अजून जिवंत असेल तर तिकीट काढा, तिकडे जा आणि संपायच्या आत अर्ज टाका. इथे असताना संपला तर पुन्हा पहिल्यासारखा नवा अर्ज मुंबईतून, १,९३८ पाउंड फी आणि हेल्थ सरचार्ज ३,१०५ पाउंड, पुन्हा टीबी टेस्ट, आणि तोपर्यंत नवरा तिकडे, तुम्ही इकडे.

५. एकूण खर्च किती?

अर्जाची फी १,३२१ पाउंड. हेल्थ सरचार्ज वर्षाला १,०३५ पाउंड, अडीच वर्षांचा २,५८७.५०. बेरीज ३,९०८.५० पाउंड, आणि हे एकदम भरायचे, हप्ता नाही. दुसऱ्या दिवशी निर्णय हवा असेल तर सुपर प्रायॉरिटीचे १,००० पाउंड वेगळे. माझं मत विचाराल तर वेळेत अर्ज टाकला असेल तर हे १,००० द्यायची काही गरज नाही, कारण १७ मध्ये बघा. इंग्रजीची परीक्षा लागली तर तिचे अजून. नोकरी करत असलात तर नॅशनल इन्शुरन्स कापतातच आणि वर हा सरचार्ज, हो, मलाही राग येतो.

६. उत्पन्न २९,००० दाखवायचं का १८,६००? दोघं दोन सांगतात.

दोघंही बरोबर आहेत. ११ एप्रिल २०२४ ला वर्षाच्या उत्पन्नाची मर्यादा १८,६०० वरून २९,००० पाउंड झाली. पण ज्यांचा या रूटवरचा पहिला अर्ज त्या तारखेच्या आधीचा आहे आणि जोडीदार तोच आहे त्यांना एक्स्टेन्शनलाही जुनेच १८,६००. अर्जाची तारीख बघायची, व्हिसा मिळाल्याची नाही.

जुन्या नियमात एक शेपूट आहे. मूलही व्हिसावर असेल (म्हणजे ब्रिटिश नसेल) तर पहिल्या मुलाचे ३,८०० आणि पुढच्या प्रत्येकाचे २,४०० वाढतात. २९,००० वाल्यांना मुलांचं काही वाढत नाही. जोडीदाराला पीआयपी (अपंगत्वाचा) किंवा केअरर्स अलाउन्ससारखा (आजाऱ्याची काळजी घेणाऱ्याचा) ठरावीक सरकारी भत्ता चालू असेल तर हा आकडाच लागू नाही, घर-खर्च भागतो एवढं दाखवायचं असतं.

७. माझा पगार धरतात का? पहिल्या वेळी फक्त नवऱ्याचाच धरला होता.

धरतात, आणि पहिल्या अर्जात आणि यात सगळ्यात गोड फरक हाच. तुम्ही यूकेत कायदेशीर काम करताय ना, मग दोघांचा मिळून. नवऱ्याचे २२,००० आणि तुमचे नर्सरीतल्या पार्ट टाइम नोकरीचे ९,०००, झाले ३१,०००. ठाण्यातून रिमोट काम करत मिळणारा पगार किंवा इथल्या फ्लॅटचं भाडं वगैरे असेल तर त्याचे वेगळे नियम आहेत, ते एकत्र करून आकडा गाठणार असाल तर एकदा वकिलाला दाखवा.

८. दोन महिन्यांपूर्वीच नोकरी बदलली, आता?

एकाच कंपनीत ६ महिने पूर्ण असतील तर कॅटेगरी ए, म्हणजे त्या ६ महिन्यांतला सगळ्यात कमी पगार वर्षाच्या हिशोबाने मर्यादेच्या वर हवा. मध्ये एखादा महिना अनपेड लीव्ह घेतली असेल तर तोच महिना आडवा येतो.

६ महिने झाले नसतील तर कॅटेगरी बी, आणि त्यात दोन चाळण्या आहेत: आजचा पगार मर्यादेच्या वर हवाच, शिवाय मागच्या १२ महिन्यांत मिळालेली (टॅक्स कापायच्या आधीची) एकूण कमाईसुद्धा तेवढी हवी. मध्ये तीन महिने घरी बसला असाल तर दुसऱ्या चाळणीत अडकता. खिडकीत वेळ उरला असेल (३ बघा) तर कधीकधी दोन-तीन आठवडे थांबून ६ महिने पूर्ण करणं शहाणपणाचं. पण व्हिसा संपायच्या पलीकडे नाही हं.

९. पगार थोडा कमी पडतोय. आई-बाबा ठाण्याहून पैसे देतो म्हणतात, चालेल?

चालेल, पण वेळेत. सेव्हिंग्जचं सूत्र असं: आधी १६,००० बाजूला, त्याच्यावर जेवढी तूट त्याच्या अडीच पट. म्हणजे मर्यादा २९,००० आणि पगार २५,००० तर तूट ४,०००, अडीच पट १०,०००, अधिक १६,०००, एकूण २६,००० पाउंड. पगारच नसेल तर ८८,५०० लागतात, जुन्या मर्यादेवाल्यांना ६२,५००. स्वतःच्या धंद्याच्या उत्पन्नात सेव्हिंग्ज मिसळता येत नाहीत, पगाराच्या कॅटेगरी एमध्ये येतात.

पैसे तुमच्या किंवा नवऱ्याच्या (किंवा दोघांच्या) नावावर सलग ६ महिने पडून हवेत. गिफ्ट चालतं, उसने चालत नाहीत, कुठून आले ते लिहून द्यावं लागतं. ६ महिने याचा अर्थ एक दिवसही बॅलन्स खाली जायला नको. आमच्या ओळखीच्या एकांनी मध्ये गाडी घेतली आणि चौथ्या दिवशी परत भरले, तरी घड्याळ पुन्हा शून्यावर.

इथली बँक चालते, आरबीआयच्या देखरेखीखालची हवी, आणि रुपये-पाउंडचा भाव अर्जाच्या तारखेचा धरतात, त्यामुळे काठावर ठेवू नका. तिकडे पाठवणार असाल तर एलआरएसमध्ये (परदेशी पैसे पाठवायची आरबीआयची योजना) माणशी वर्षाला २.५ लाख डॉलरची मर्यादा आहे आणि १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ टॅक्स, बँक आधीच कापते, जो बाबांना रिटर्न भरून परत मागावा लागतो. बाबांना हे आधी सांगा.

आणि हो, स्वतःच्या किंवा नवऱ्याच्या नावावरचा फ्लॅट विकून पैसे आलेत तर ६ महिने थांबावं लागत नाही, फ्लॅट आधीपासून तुमचा होता हे कागदांवर दाखवायचं, लोन वजा करून जे उरलं ते धरतात. आई-बाबांच्या नावावरचा फ्लॅट असेल तर मात्र ते गिफ्टच, ६ महिने.

१०. पगाराचे कागद कोणते?

पे-स्लिप, त्याच महिन्यांची बँक स्टेटमेंट ज्यात तोच पगार जमा झालेला दिसतो, आणि कंपनीचं पत्र. पत्रात चार गोष्टी हव्यात: नोकरी आहे आणि वर्षाचा एकूण पगार किती, नोकरी कधीपासून, हा पगार कधीपासून, नोकरी कायम की कराराची. एचआर एका ओळीचं पत्र देतं, त्यावर समाधान मानू नका, मसुदा तुम्हीच टाइप करून द्या.

सगळ्यात ताजा कागद अर्जाच्या दिवसापासून २८ दिवसांच्या आतला हवा. ऑनलाइन काढलेल्या स्टेटमेंटवर बँकेचा प्रत्येक पानावर शिक्का किंवा सोबत बँकेचं पत्र. मी शाखेत गेले तर काउंटरवरची मुलगी म्हणाली आम्ही आता शिक्के मारत नाही, मॅनेजरने ड्रॉवर उघडून एक जुना शिक्का काढला, शाईचा पॅड वाळलेला, त्यावर बाटलीतलं पाणी शिंपडून तिने ३१ पानांवर फिकट निळे शिक्के उठवले. चालले ते.

११. एकत्र राहतो याचा पुरावा म्हणजे काय? लग्नाचे फोटो चालतील?

फोटो नकोत, सत्यनारायणाचे पण नकोत. त्यांना पत्रं हवीत. दोघांच्या नावाने आलेली सहा, किंवा प्रत्येकाच्या नावाने वेगवेगळी सहा-सहा, सगळी त्याच पत्त्यावरची, निदान तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून, आणि तारखा दोन वर्षांत पसरलेल्या. काउन्सिल टॅक्स, बँक, वीज-गॅस, पाणी, टेनन्सी, जीपीचं (घराजवळच्या सरकारी डॉक्टरचं) किंवा हॉस्पिटलचं पत्र, एचएमआरसी (तिकडचं टॅक्स खातं), गाडीचा इन्शुरन्स. मोबाईलचं बिल अगदीच शेवटचा उपाय समजा.

मी काय केलं सांगते. ठाण्याहून आणलेल्या फराळाचा चौकोनी पत्र्याचा डबा रिकामा झाला, तो दाराजवळ ठेवला आणि पोस्टातून येणारं प्रत्येक पत्र पाकिटासकट त्यात. अडीच वर्षांनी उघडला तेव्हा वरची पत्रं जीपीची, खालची काउन्सिलची, आणि सगळ्यांना चकलीचा वास. पण एकही तारीख शोधावी लागली नाही.

१२. सगळी बिलं सासऱ्यांच्या नावावर आहेत, आम्ही त्यांच्याच घरात राहतो.

लंडनच्या हाउन्स्लो-हॅरोकडच्या एकत्र कुटुंबांत हे सर्रास आहे. सासऱ्यांकडून पत्र घ्या की दोघं अमुक तारखेपासून इथे राहतात, घराचे कागद जोडा, आणि आजपासून दोघांच्या नावाने पत्रं यायला लागतील अशा दोन-तीन गोष्टी करा. जॉइंट अकाउंट उघडा, जीपीकडे आणि बँकेत पत्ता नोंदवा, तुमच्या पगाराचं वार्षिक पत्र येतंच. हे शेवटच्या महिन्यात केलं तर तारखा सगळ्या एकाच महिन्यातल्या दिसतात आणि ते वाचणाऱ्याला कळतं.

१३. इंग्रजीची परीक्षा परत द्यायची?

पहिल्या वेळी ए१ दिली असेल तर हो, आता ए२ हवी. फक्त बोलणं आणि ऐकणं, लिहायचं नाही. आयईएलटीएस लाइफ स्किल्स ए२ किंवा यूकेत असाल तर ट्रिनिटीची ग्रेड ३. साधी आयईएलटीएस चालत नाही, यूकेव्हीआयसाठीची (तिकडच्या व्हिसा विभागासाठीची), मान्य केंद्रावरचीच. हुशारी म्हणजे आत्ताच थेट बी१ देऊन टाकणं, एक्स्टेन्शनलाही चालते आणि आयएलआरलाही.

डिग्री इंग्रजीतून असेल, मुंबई विद्यापीठाची म्हणा, तर एक्टिस या तिकडच्या संस्थेकडून डिग्रीची बरोबरी आणि ती इंग्रजीतून होती याचं सर्टिफिकेट घ्यायचं, मग कोणत्याच टप्प्यावर इंग्रजीची परीक्षा नाही. पहिल्या अर्जात ते वापरलं असेल तर तेच पुन्हा. वय ६५ किंवा त्याहून जास्त असेल किंवा आजारपणामुळे शक्य नसेल तर सूट आहे.

१४. टीबी टेस्ट आणि लग्नाचं सर्टिफिकेट परत लागतं का?

टीबी टेस्ट नाही. लग्नाचं सर्टिफिकेट जोडा. महानगरपालिकेचं १९९८ च्या कायद्याखालचं, नमुना इ मधलं असलं तर बहुतेक त्यावर इंग्रजी असतंच, पण जुनी काही फक्त मराठीत आहेत, त्यांचं प्रमाणित भाषांतर लागतं. अजून नोंदणीच केली नसेल (हो, असे आहेत!) तर पुढच्या भारत-फेरीत प्रभाग समितीत जाऊन करून टाका, भटजींची सही लागते आणि ते भटजी सापडायला हवेत.

१५. अर्ज टाकल्यावर पुढे काय?

ऑनलाइन फॉर्म भरायचा, पैसे भरायचे, तो तुमचा अर्जाचा दिवस. मग कोणाला फोनवरच्या ॲपने ओळख पटवता येते, कोणाला सेंटरवर जाऊन बोटांचे ठसे. कागद स्कॅन करून अपलोड करायचे, फाइलींना नीट नावं द्या. निकाल साधारण ८ आठवड्यांत, उत्पन्न किंवा इंग्रजीची अट पूर्ण होत नसेल तर १२ महिनेही लागू शकतात. हातात कार्ड काही येत नाही, बीआरपी (राहण्याच्या परवान्याची) कार्डं २०२४ च्या अखेरीस बंद झाली, आता सगळं ई-व्हिसा, ऑनलाइन खात्यात दिसतं.

१६. अर्ज पेंडिंग आहे आणि गणपतीला घरी यायचंय. पासपोर्ट माझ्याकडेच आहे, मग येऊ?

येऊ नका. पासपोर्ट तुमच्या हातात आहे म्हणून मोकळे आहात असं वाटतं, तेच फसवं आहे. निकाल यायच्या आधी यूके, आयर्लंड, आयल ऑफ मॅन आणि चॅनेल बेटांच्या बाहेर पाऊल टाकलं की अर्ज मागे घेतला असं समजतात. फी गेली, आणि जुना व्हिसा तोवर संपला असेल तर परत जायलाही व्हिसा नाही. घरी कोणी गंभीर आजारी असेल तर सुपर प्रायॉरिटीचे १,००० इथे मात्र सार्थकी लागतात, पण तो अर्ज टाकतानाच निवडायचा असतो. गणपती तारीख बघून ठरतो, अर्ज पण तसाच ठरवा.

१७. व्हिसा संपला, निकाल अजून नाही. ऑफिसमध्ये एचआर म्हणतंय उद्यापासून येऊ नका.

अर्ज व्हिसा संपायच्या आत टाकला असेल तर जुन्याच अटींवर राहायचा आणि काम करायचा हक्क चालू राहतो, याला सेक्शन ३सी म्हणतात. एचआरला सांगा की होम ऑफिसच्या (तिकडच्या गृहखात्याच्या) एम्प्लॉयर चेकिंग सर्व्हिसवर तपासा, त्यांना तिथून ६ महिन्यांचं पॉझिटिव्ह व्हेरिफिकेशन नोटीस मिळतं. भांडू नका, त्या सर्व्हिसची लिंक पाठवा, त्यांनाही दंडाची भीती असते.

१८. तारीख हुकली. चार दिवस उलटून गेलेत.

श्वास घ्या, आणि आजच वकील गाठा. १४ दिवसांच्या आत अर्ज टाकला आणि उशिराचं कारण खरोखर तुमच्या हाताबाहेरचं असेल (हॉस्पिटल वगैरे, कागदांसकट) तर उशीर माफ होऊ शकतो. विसरलो हे कारण नाही. मधल्या दिवसांत सेक्शन ३सी नसतं, म्हणजे कामाचा हक्कही नाही. वाशीच्या एका एजंटने ओळखीतल्या मुलीला महिनाभर ग्रेस असतोच म्हणून सांगितलं होतं. असला काही महिना नाही.

१९. सासूबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पाच महिने ठाण्यात राहिले. एक्स्टेन्शन अडकेल?

१८० दिवसांचा नियम स्पाउज व्हिसाला नाही, तो वर्क व्हिसावाल्यांचा, तो ऐकून घाबरू नका. इथे बघतात की तुमचं घर यूकेतच आहे आणि दोघांना एकत्र कायम राहायचंय. कारण लिहा, डिस्चार्ज कार्ड जोडा, नवरा मध्ये येऊन गेला असेल तर त्याची तिकिटं. पण पुढे ब्रिटिश पासपोर्टचा विचार असेल तर तिकडे मोजणी कडक आहे: ब्रिटिश नागरिकाच्या जोडीदाराला ३ वर्षांत २७० दिवस आणि शेवटच्या वर्षात ९० दिवस बाहेर राहता येतं.

२०. नवऱ्याची नोकरी ऐन अर्जाच्या महिन्यात गेली.

आधी ७ आणि ९ वाचून तुमचा पगार आणि सेव्हिंग्ज मिळून जमतं का बघा. नाहीच जमलं तर अर्ज टाकूच नका असं नाही. यूके सोडायला लावणं कुटुंबावर, विशेषतः मुलांवर, अन्यायकारक होईल हे दाखवता आलं तर ३० महिने मिळू शकतात, पण १० वर्षांच्या रूटवर, म्हणजे आयएलआर लांबतं. इथे मात्र स्वतः फॉर्म भरायचा शहाणपणा करू नका.

२१. इथे बाळ झालं. त्याचाही व्हिसा काढायचा?

यूकेत जन्मलेलं आणि आई किंवा बाबा त्या वेळी ब्रिटिश किंवा आयएलआरवाले, मग बाळ जन्मतः ब्रिटिश. व्हिसा नाही, सरचार्ज नाही, उत्पन्नाची मर्यादाही वाढत नाही (६ बघा). फक्त आजी-आजोबांकडे न्यायचं तर आधी त्याचा ब्रिटिश पासपोर्ट, मग ओसीआय (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्यांचं कार्ड) किंवा भारताचा व्हिसा. बारशाची तारीख ठाण्यात ठरवायच्या आधी हे मोजा, पासपोर्ट आला तरी ओसीआयला वेळ लागतो.

२२. नवऱ्याशी पटत नाहीये. वेगळी झाले तर व्हिसाचं काय?

हा प्रश्न कायम रात्री उशिरा येतो, आणि "मैत्रिणीसाठी विचारतेय" म्हणून.

नुसतं वेगळं झालात तर या व्हिसाचा आधार जातो, होम ऑफिसला कळवावं लागतं, आणि सहसा ६० दिवसांचा अवधी देतात, त्यात दुसरा व्हिसा किंवा परतीचं तिकीट.

पण मारहाण, पैसे काढून घेणं, पासपोर्ट लपवणं, घरात कोंडणं असं काही असेल तर गोष्ट पूर्ण वेगळी आहे, आणि "पोलिसात गेलीस तर व्हिसा रद्द करीन" हे नवऱ्याचं किंवा सासूचं वाक्य खोटं आहे. अशा बायकांना (आणि पुरुषांनाही) थेट कायम राहण्याचा अर्ज करता येतो, ५ वर्षं व्हायची गरज नाही, उत्पन्न आणि इंग्रजीची अट नाही, आणि तो होईपर्यंत राहायला-खायला सरकारी मदत मिळावी म्हणून ३ महिन्यांची वेगळी परवानगी मागता येते. तिकडची चोवीस तास चालणारी फुकट हेल्पलाइन ०८०८ २००० २४७.

आणि एक, जे ठाणे-नवी मुंबईत माहीत असायलाच हवं: फिरायला म्हणून भारतात आणून, पासपोर्ट काढून घेऊन नवरा बायकोला माहेरी सोडून निघून गेला असेल तर त्या बायकोसाठीही रस्ता आहे. ३१ जानेवारी २०२४ पासून अशा सोडून दिलेल्या जोडीदाराला भारतातूनच अर्ज करता येतो. पासपोर्ट हरवल्याची तक्रार इथल्या पोलीस ठाण्यात आधी नोंदवा, तारीख कामाला येते.

जोडीदार वारला तरी कायम राहण्याचा वेगळा अर्ज आहे, त्यातही ५ वर्षांची अट नाही.

२३. रिजेक्ट झाला तर पैसे परत?

सरचार्ज परत, फी नाही. अपील करता येतं, यूकेत असाल तर १४ दिवसांत. पत्रात कारण लिहिलेलं असतं, ते आधी शांतपणे वाचा. माझ्या बघण्यात आलेल्या दोन-तीन केसमध्ये कारण पैशाचं नव्हतं, एक पे-स्लिप आणि बँकेतली जमा रक्कम जुळत नव्हती आणि त्याचा खुलासा कोणी लिहिला नव्हता.

२४. लग्नानंतर आडनाव बदलायचंय. एक्स्टेन्शनच्या आधी बदलू का नंतर?

माझं ऐकाल तर नंतर, किंवा नकोच. पासपोर्टवर एक नाव, बँकेत दुसरं, काउन्सिल टॅक्सवर तिसरं, डिग्रीवर चौथं, असा प्रकार झाला की प्रत्येक कागदाला खुलासा. पासपोर्ट संपत आला म्हणून रिन्यू करणं वेगळं, ते लंडनच्या हाय कमिशनमार्फत होतं, जुना पासपोर्ट फेकू नका आणि नवा नंबर यूकेव्हीआयच्या ऑनलाइन खात्यात टाकायला विसरू नका, नाहीतर मुंबई विमानतळावर चेक-इनला ई-व्हिसा जुळत नाही. मी अजून माहेरचंच आडनाव लावते, सासूबाई दिवाळीच्या पाकिटावर त्यांचं लिहितात, आणि ते पाकीटही त्या डब्यात आहे, फक्त होम ऑफिसला दाखवलं नाही.